हजारात एक भाग

ता. ३ फेब्रुवारी

चि. सहीवालीस,
मावशीचे पोटभर आशीर्वाद.

पत्रच लिहिते. फोनवर तुझ्यामागे सतत कोणीतरी घाई करत असतं, आणि मी गप्प झाले की तुला वाटतं मी रडतेय. रडत नाही. तुझे काका गेले त्याला तीन वर्षं झाली. ते दुखणं आता गुडघ्यासारखं झालंय, चालताना सोबत येतं.

बाळाच्या खोलीत टांगायचे तापमापक, पहिले सहाशे नग, शेवटच्या तपासणीला माझ्याच टेबलावर येतात. शेजारी चिमणी तार वितळवून सांधे जोडते, सोल्डर करते. दिवसभर गुणगुणते म्हणून चिमणी. नवरा अंथरुणाला खिळलाय, घर तिच्याच हातावर चालतं, तरी गुणगुणते.

तुझ्या काकांनी याच कारखान्यात तीस वर्षं सोल्डर केलं. सांधा चमकला नाही तर तो खोटं बोलतोय, असं म्हणायचे. आता हे बिनशिशाचं सोल्डर आलंय, त्याचे सांधे राखेसारखे. बघून जीव खालीवर होतो. तू मालकांना पाठवलेला नियम मी त्यांच्याकडून मागून घेतला आणि शब्दकोश मांडीवर घेऊन तीनदा वाचला. हजारात एक भाग शिसं चालतं, असं त्यात लिहिलंय. म्हणजे नियमालाही थोडी माया आहे. मी माझ्यापरीनं निभावून नेते. काळजी नको.

जेवतेस का वेळेवर? की अजून बिस्किटांवरच संसार? तुझा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

मावशी

ता. १६ फेब्रुवारी

ति. मावशीस,
नमस्कार. उभ्यानंच लिहितेय, बसवत नाही.

मालकांचा निरोप तुझ्यापर्यंत आला असेलच. प्रयोगशाळेत पाठवलेल्या तीन तापमापकांपैकी एकात शिसं सापडलं. तीनच सांध्यांत, पण शंभरात सदतीस भाग. मालक म्हणाले, तापमापकाच्या सबंध डब्याच्या मानानं तेवढं शिसं कितीसं? पण नियम सबंध डबा धरतच नाही. प्रत्येक वेगळा पदार्थ वेगळा मोजायचा. तो एवढासा सांधा एकटा मोजायचा.

सहाशे खोक्यांवर खूण छापून झाली आहे. या वस्तूत शिसं, पारा वगैरे मर्यादेच्या आत आहे, हे सांगणारी ती खूण. त्यामागच्या कागदावर कारखान्याच्या वतीनं माझी सही आहे. माल अजून गोदामातच आहे, तेवढं नशीब. भिंतीवरच्या डब्यातलं शिसं बाळाला लगेच बाधत नाही, हे मलाही कळतं. पण डबा एक दिवस मोडतो, कचऱ्यात जातो, आणि कोणीतरी तो वितळवायला बसतं. धूर त्याच्या छातीत जातो.

मालकांचा संशय चिमणीवर आहे. जुनं सोल्डर तिनंच कुठूनतरी आणलं, असं ते धरून बसलेत. आठवडा संपला की तिला घरी बसवणार आहेत. मला खोलीत फेऱ्या मारण्यापलीकडे काही सुचत नाही. तू तिच्या शेजारी बसतेस. काही पाहिलंस का? पाहिलं असशील तर कोणाला पाठीशी घालू नकोस. मलासुद्धा नाही.

रागावले तरी तुझीच,
भाची

ता. १९ फेब्रुवारी

चि. भाचीस,
आशीर्वाद देते. ते घ्यायचे की नाही, हे पत्र पुरं वाचून ठरव.

ते शिसं माझं.

तुझ्या काकांच्या कामाच्या कोटाच्या खिशात जुन्या, शिशाच्या सोल्डरचं अर्धं रीळ सापडलं होतं. ते मी जपून ठेवलं होतं. चिमणीचे काही सांधे फारच मेलेले दिसायचे. जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून रीळ नेऊन मी त्यांना वरून एकेक थेंब द्यायचे. हात मला त्यांनीच शिकवला होता. आधी हिशेबही केला होता गं. तापमापक घरच्या काट्यावर ठेवला, तीन थेंबांचं वजन अदमासानं धरलं, हजारात एक भागाच्या आतच भरत होतं. सबंध डबा धरायचा नसतो, हे तुझ्या पत्रानं कळलं. अर्धवट वाचणाऱ्या बाईची ही हुशारी.

काल सगळ्यांच्या देखत मालकांना सांगितलं. जीभ नीट चालली. ज्यांना हात लावला, त्यांच्या झाकणाच्या आत मी पेन्सिलीनं ठिपका केलाय. दुरुस्ती केली की काका करायचे तसा. काल आणि आज मी आणि चिमणीनं मिळून गोदामातले सगळे उघडले. ठिपके एक्केचाळीस निघाले.

चिमणी कालचा अख्खा दिवस गुणगुणली नाही. आज म्हणाली, म्हातारे, माझे सांधे वाईट दिसत होते तर मला सांगायचंस, माझ्या पाठीमागे त्यांना पावडर कशाला फासलीस.

तुझ्या पत्रातली धुराची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतेय. काकांना नेणारं दुखणं सोल्डरच्या धुरामुळेच, असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. त्यामुळे नव्हे, असंही नाही म्हणाले. विचारायचं मीच टाळलं.

तुझी सही माझ्यामुळे खोटी ठरली. उरलंच असेल तर थोडं प्रेम ठेव.

मावशी

ता. ६ मार्च

ति. मावशीस,
नमस्कार. आज बसून लिहितेय.

एक्केचाळीस नगांचे आतले सर्किट बोर्ड बदलले. उरलेल्यांतले वीस पुन्हा तपासून घेतले, सगळे स्वच्छ. जुना कागद रद्द करून काल नव्यावर सही केली. करण्याआधी दोनदा उठून पाणी प्यायले. चिमणीचं काम राहिलं, आणि मालकांनी तुला पॅकिंगला बसवलं, तेही कळलं. मी त्यांना अडवलं नाही.

रीळ मात्र घरात ठेवू नकोस. शिसं परत गोळा करणाऱ्यांकडे जाऊ दे. सोबत चिठ्ठी जोडतेय, ती भरून रिळाच्या पिशवीला लाव. मावशी, हे मी सहीवाली म्हणून सांगत नाही. तुझ्या उशाशी ते नको, एवढंच.

माया तीच, तसूभर कमी नाही.
भाची

ता. १४ मार्च

चि. भाचीस,
आशीर्वाद, आता निर्धास्तपणे.

माझ्या टेबलाशी आता चिमणी बसते. परवा मला बोलावून तिनं भिंग हातात दिलं. म्हणाली, चमक बघू नकोस, कड बघ, सोल्डर कडेपर्यंत पसरलंय का ते बघ. पाहिलं. राखेसारखा सांधा, पण घट्ट धरून बसलेला. तीस वर्षं सोल्डर केलेला तो माणूस असता तर त्यालाही दाखवला असता.

रीळ आज दिलं. तुझ्या चिठ्ठीत चार रकाने होते. पदार्थाच्या पुढे शिसं लिहिलं. वजन लिहिलं. पाठवणाऱ्याचं नाव लिहिलं. शेवटचा रकाना कारणाचा. तिथे 'वापर संपला' एवढंच लिहायचं, असं तू बारीक अक्षरात सांगून ठेवलं होतंस.

ते दोन शब्द लिहायला मला सगळी दुपार लागली. पण लिहिले.

मावशी