टीव्हीवर गाल आलेला माणूस

धाकट्या,

आक्काचा आशीर्वाद. तू बरा असशील असं धरून चालते. नसलास तर आधी डॉक्टर गाठ, पत्र मग वाच. तुझ्या बायकोचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, पाय हलता ठेव.

तू माझ्या शिवणाच्या दुकानात तो लांबरुंद टीव्ही टांगून गेलास, मागे साबणाच्या वडीएवढी डबी चिकटवलीस (आत लिनक्स आहे म्हणालास, असेल, मी उघडून पाहिलं नाही), तेव्हापासून भिंतीवरून मी शिवलेले कपडे घातलेल्यांचे फोटो हळूहळू सरकतात, ढगासारखे. पण सगळे आडवे ताणलेले. कॉलर उशीएवढी, कंबर पिंपाएवढी. एक गिऱ्हाईक बाई ते बघून कापड उचलून निघालीच. म्हणाली, "अशी तर मी न शिवताही दिसते!"

दुपारी दुकानात कोणी नसलं की मी मशीनचं चाक सोडून बघत बसायची. मध्येच एका फोटोत तुझे दाजी यायचे. गेल्या वर्षी गेले तेव्हा अंगावर नुसती हाडं होती, दर महिन्याला मी सदऱ्याच्या बाजू आत घेत होते. टीव्हीवर मात्र गाल आलेले, खांदे भरलेले. बघता बघता डोळा लागायचा, आणि हे दारातून आत येऊन चहा मागायचे.

पण धंदा आहे ना! तू फोनवर सांगितलंस, डबी टीव्हीला चौकोनी समजते, तिच्या फाइलमधली रिझोल्युशनची, म्हणजे पडद्याच्या मापाची, ओळ बदल. एका बोटाने बदलली. तू रुंदी १९२० म्हणालास, मी थोडे जास्तच घातले (शिलाईला जागा नको सोडायला?). टीव्ही काळाठिक्कर! त्यावर तू ओरडलास, "आक्का, ते कापड नाहीये!" मोठ्या बहिणीवर ओरडतोस, लाज वाटू दे. शेवटी तुझ्याच मापाने घातलं. आता सगळं बेतशीर दिसतं. झकास.

तुझी,
आक्का

ता.क. ते गिऱ्हाईक परत आलं. दोन झगे शिवायला टाकलेत.

ता.क. पुन्हा. दाजीही बेतशीर झाले. अगदी शेवटी होते तसे. फोनवर हे बोलवत नाही, म्हणून पत्र. ती पहिली, ताणून दाखवणारी चुकीची ओळ काय होती, तेवढी लिहून पाठव. दुकान बंद असतं त्या दिवशी लावीन. सदऱ्यांच्या बाजू मी उसवून ठेवल्यात.