डी-फे-नि-स्ट्रे-शन

२ मार्च
ती. मामास,
सा. न. वि. वि.
रेडिओवर बातम्या वाचायच्या नोकरीची चाचणी झाली. सात ओळी झक्कास वाचल्या. आठव्या ओळीत ‘डिफेनेस्ट्रेशन’ आला आणि लहानपणीचं अडखळणं परत आलं. ‘डी’वर पाच वेळा अडकले. काचेपलीकडच्या मुली हसल्या. साहेबांनी आठ दिवसांनी पुन्हा बोलावलंय, शेवटचं. आई म्हणते, नाद सोड, शिकवण्या घे. तू जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलीस, लांबलचक शब्द ओळीअखेर तोडलेस. हा राक्षस कसा तोडायचा ते कळव.
तुझी लाडकी (असं तूच म्हणतोस),
चिमणी

४ मार्च
चि. चिमणीस,
अ. उ. आ.
घाबरण्याआधी शब्दाचं घराणं बघावं. हा लॅटिनकडचा. ‘डी’ म्हणजे मधून बाहेर, ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे खिडकी, आणि मागे ‘एशन’ लागलं की क्रियेचं नाम. माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं, एवढाच अर्थ.
तुकडे पाच: डी-फे-नि-स्ट्रे-शन. शेवटी असं ‘शन’ आलं की जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर. तू सगळं बळ ‘डी’वरच खर्च करतेस. ‘डी’ला नुसतं शिवून पुढे जा, पाय ‘स्ट्रे’वर रोव. मी कालपासून घरात हेच पुटपुटतोय. तुझ्या मामीने खिडकी उघडून ठेवली आहे.
आईचा राग धरू नकोस, तिला तुझी काळजी वाटते. तब्येतीला जप.
तुझा मामा

१० मार्च
ती. मामास,
सा. न. वि. वि.
‘डी’ला शिवले, ‘स्ट्रे’वर पाय रोवला, शब्द सुटला. पण साहेबांनी मान हलवली. त्यांच्या मते जोर ‘फे’वर हवा, तसा म्हणूनही दाखवला. गप्प बसले तरी नोकरी जाणार, बोलले तरी जाणार. म्हटलं, बोलूनच जाऊ दे. मी ‘शन’चा नियम सांगितला. कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मुद्रितं तपासणाऱ्या मामाने, म्हटल्यावर त्यांनी शब्दकोश काढला, चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. मग मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला आणि स्वतः माझ्यामागून म्हणाले, तीन वेळा. सोमवारपासून सकाळच्या बातम्या माझ्याकडे.
एवढं सगळं बोलताना मी एकदाही अडखळले नाही, हे जिना उतरल्यावर लक्षात आलं.
आईला सांगितलं. ती उठली आणि रेडिओत नवे सेल घातले.
मामीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे, थोडी वाढली तर हरकत नाही.
तुझी,
चिमणी