रद्दीत गेलेली लेयाची वही

बडनेरा,
बुधवार, १७ डिसेंबर

ती. सुभद्रामावशीच्या पायांशी भाचा नितेशचा दंडवत. (डाव्या पायाशी जरा जपून, कारण त्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं आईने कळवलं आहे.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. मावसाजींची साखर आता कशी आहे? अकोल्यात थंडी पडली का, की तुमच्याकडे डिसेंबरातही पंखाच? मोबाईलवर न पाठवता कागदावर लिहितो आहे, कारण मोबाईल तुझा असला तरी तो तुझा नातू पियुष वाचतो, आणि ही गोष्ट पियुषला कळली तर संध्याकाळपर्यंत जुन्या बसस्टँडपर्यंत पोचेल.

जूनपासून मी पेझारकर प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक झालो, हे तुला माहीत आहे. पेढे तू खाल्लेस. शाळा कोणाची, ते सांगायचं राहिलं. ती ज्यू लोकांची, म्हणजे बेने इस्रायलांची. कोकणातून रेल्वेच्या नोकरीला आलेल्या रूबेन पेझारकर नावाच्या गार्डने ती आपल्या राहत्या घरात काढली. आता त्यांच्यापैकी इथे एका फिटरच्या दोन मुली तेवढ्या शिकतात, बाकी सगळी आपली, बौद्धांची, मुसलमानांची, अशी लेकरं आहेत. पण रीत रूबेनबाबांचीच चालते. शनिवारी सुट्टी, रविवारी शाळा. (रागिणी म्हणते, मी मुद्दाम अशी नोकरी शोधली की रविवारी घरकाम करायला नको.) दाराच्या चौकटीला एक छोटी नळी तिरपी ठोकलेली आहे, तिच्यात त्यांची प्रार्थना असते; येता-जाता सगळी मुलं तिला बोट लावून ते ओठाला लावतात. पहिल्या दिवशी मी ती बेल समजून दोनदा दाबली आणि कोणी दार उघडत नाही म्हणून रागावलो. तेव्हापासून मुलांचं माझ्याबद्दल एक मत आहे.

मुख्य रीत मात्र कागदाची. रूबेनबाबांचं म्हणणं असं होतं की लेकराने लिहिलेल्या वहीत कुठे ना कुठे देवाचं नाव येतंच, देव कोणाचाही असो. आणि नाव असलेला कागद फेकायचा नाही, जाळायचा नाही, विकायचा नाही. तो जिन्याखालच्या खोलीत ठेवायचा आणि डिसेंबरातल्या एका रविवारी अंगणात खड्डा करून माणसासारखा पुरायचा. नंतर सगळ्यांनी मलिदा खायचा, म्हणजे गूळ-खोबऱ्याचे पोहे. इतर शाळांच्या बालमंत्रिमंडळात आरोग्यमंत्री असतो, पाणीमंत्री असतो. आमच्याकडे त्यांच्यावर एक कागदमंत्री असतो. यंदा चौथीची अनीसा निवडून आली आहे. वर्गात सांडलेला चिटोरासुद्धा ती उचलते, झटकते, दोन्ही बाजूंनी वाचते आणि खोलीत नेऊन ठेवते. मी तिला थोडा घाबरतो.

आता माझी अक्कल ऐक. दिवाळीनंतर स्वच्छ शाळेची तपासणी येणार होती, आणि मला पहिल्याच वर्षी आदर्श मुख्याध्यापक व्हायचं होतं. १ नोव्हेंबरला शनिवार, म्हणजे शाळेत कोणी नाही, असा मुहूर्त साधून मी खोली उघडली आणि श्याम रद्दीवाल्याला तीन हातगाड्या भरून कागद देऊन टाकला. त्याच्या बदल्यात दोन कचरापेट्या घेतल्या, एक हिरवी, एक निळी. दुसऱ्या दिवशी शाळा भरली. अनीसाने खोली उघडली, आत पाहिलं, कुलूप लावलं आणि ऑफिसात येऊन म्हणाली, "सर, नाव असलं का तो कागद रद्दी होत नाई." बस, एवढंच. ती रडली असती तर बरं झालं असतं.

आणि त्याच दुपारी इस्रायलहून फोन आला. हन्नाबाई, रूबेनबाबांची मुलगी, वय चौऱ्याऐंशी. यंदाच्या पुरणीला, २१ डिसेंबरला, त्या स्वतः येणार, चाकाच्या खुर्चीतून, शेवटचं. सगळ्यात खालच्या फळीवर फडक्यात बांधलेली एक वही आहे, त्यांच्या धाकट्या बहिणीची, लेयाची. लेया तिसरीत असताना तापाने गेली, १९ डिसेंबर १९५२, शुक्रवार. त्याआधी दोघींचं भांडण झालं होतं आणि हन्नाबाई तिच्याशी बोलत नव्हत्या. लेयाने अंथरुणात वहीत काहीतरी लिहिलेलं त्यांनी दारातून पाहिलं होतं. ते शेवटचं पान त्यांनी त्र्याहत्तर वर्षांत उलटलं नाही आणि वही पुरूही दिली नाही. फोनवर त्या म्हणाल्या, "सर, मले भ्या वाटते त्या पानाचं. पण आता वाचीन, अन् मंग पुरीन." मी म्हणालो, वही अगदी सुखरूप आहे. मावशी, तू मला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल उन्हात उभं केलं होतंस. ती तुझी शिक्षा कमी पडली.

मी श्यामकडे धावलो. तो म्हणाला, माल त्याच दिवशी फुटला, जिल्हाभर गेला, आता कुठं कुठं शोधान? सोमवारी, ३ नोव्हेंबरला, मी बडनेरा स्टेशनबाहेर उभा राहून दुःखाने एक आलूबोंडा खाल्ला. (दुःखात मला भूक लागते, हे तुला ठाऊक आहे.) खाऊन झाल्यावर हातातला कागद पाहिला. तेलाच्या डागाखाली टाकाने काढलेलं गोल अक्षर: लेया रूबेन पेझारकर, इयत्ता तिसरी, पान पहिलं, सोमवार, ३ नोव्हेंबर १९५२. मला केवढा आनंद झाला. म्हटलं, वाचलो. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या मीटिंगला तिवस्याला गेलो, तिथे फुटाण्याच्या पुडीत दुसरं पान, मंगळवार, ४ नोव्हेंबर. बुधवारी शेंदूरजनाघाटला साडूच्या बगिच्यातली संत्री आणायला गेलो, तर पेटीच्या तळाशी तिसरं. तेव्हा मात्र माझा आनंद जरा पातळ झाला. मी जुनं पंचांग काढून पाहिलं. त्या वर्षीचे या दिवसांतले वार आणि यंदाचे वार एकच आहेत. लेयाने ज्या तारखेला जे पान लिहिलं, ते त्याच तारखेला माझ्या हातात येत होतं, मागे नाही, पुढे नाही.

मी माणूस शास्त्र मानणारा आहे, म्हणून प्रयोग केले. एका दिवशी सात गाड्यांवर खाल्लं. पान एकच आलं, सातव्या गाडीवर. एक दिवस उपास केला. पान इस्त्रीच्या शर्टाच्या घडीतून निघालं. पहिल्या शनिवारी सकाळपासून दहा आलूबोंडे खाल्ले, दहाही वर्तमानपत्रात. संध्याकाळी आडवा पडून विचार करताना लक्षात आलं की शनिवारी शाळेला सुट्टी असते. लेया शनिवारी लिहीत नसे. रविवारी सकाळी दूधवाल्याने पिशवीखाली पान आणून दिलं. एव्हाना माझं वजन पाच किलो वाढलं, आणि रागिणी म्हणते, "तुमच्या अंगाले तळणाचा वास येऊन राहिला." तिला मी खरं सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मला पदाचा ताण झाला आहे.

पानं मी रात्री पुठ्ठ्यात नीट लावतो, आणि लावताना वाचतो. सुरुवातीला पाढे, शुद्धलेखन, रेल्वेच्या इंजिनाचं एक चित्र. मग ७ डिसेंबरच्या पानावर, गणिताच्या खाली, बारीक अक्षरात: मी हन्नाच्या वहीवर शाई सांडली, ती चुकून सांडली, हन्ना बोलत नाही. त्यानंतर रोज गणित झालं की खाली एक ओळ: आजही बोलली नाही. मावशी, मी सकाळी परिपाठ घेतो, तपासणीवाल्यांना चहा देतो, आणि दिवसभर मनात एकच, की आज तरी बोलली असेल. संध्याकाळी भजी घेतो आणि वाचतो, आजही बोलली नाही. रविवारी, चौदा तारखेला, छत्तिसावं पान आलं. ओळी उतरत्या झालेल्या. ताप आला, बाईंनी घरी पाठवलं, आजही बोलली नाही.

त्यानंतर काही नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला, आज बुधवार. मी अमरावतीतली एकही गाडी सोडलेली नाही. सगळीकडे वर्तमानपत्र. आणि रविवारी सकाळी हन्नाबाई बडनेऱ्याला उतरणार, त्या पानासाठी.

असो. मावसाजींना नमस्कार, पियुषला आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याला शेक घेत जा. पत्र उद्या सकाळी अमरावती–अकोला गाडीच्या कंडक्टरबरोबर, किशोरबरोबर पाठवतो.

तुझा भाचा,
नितेश

ता. क. गुडघ्याची चौकशी खरी आहे, पण पत्र त्यासाठी नाही. मावशी, तू चाळीस वर्षं पहिली ते चौथी शिकवलीस. कुठल्याही लेकराचं अक्षर तू हुबेहूब काढायचीस, आम्ही हसून मरायचो. तुझ्या ट्रंकेत जुने पिवळे आखीव कागद असतील. पहिल्या पानाची झेरॉक्स सोबत जोडतो. त्या अक्षरात एवढंच लिहून दे: हन्ना, मी रागावलेली नाही. शुक्रवारच्या गाडीने परत पाठव. हे खोटं आहे हे मला कळतं. पण त्या बाईंना रिकामा पुठ्ठा देण्यापेक्षा हे बरं, असं मी तीन दिवस स्वतःला सांगतो आहे.

ता. क. दुसरा. मावशी, काही लिहू नकोस. वरचं संपवून मी अनीसाला झेरॉक्स आणायला पाठवत होतो, तिने विचारलं कशाले, आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, शेवटचा कागद सोमवारीच आला. तिची आजी बिस्मिल्लाबी हिने बाजारातून खारका आणल्या, त्या पुडीच्या आत दुसरी घडी होती. ती तिने खोलीत ठेवून कुलूप लावलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुमी उघडला असता, सर." मी उघडला असता, हे खरंच आहे. बाकीचे कागद तुमी विकले म्हणून तुमच्याकडं आले, ती म्हणाली, अन् हा माह्याकडं आला, कारण कागदमंत्री मी आहो.

हे पत्र फाडून नवं लिहिणार होतो, पण तिने फाडू दिलं नाही; यात नाव आहे म्हणाली. म्हणून जसंच्या तसं पाठवतो, येताना घेऊन ये, रविवारी हेही पुरू. आणि ये नक्की, शनिवारीच ये. मी ती घडी पाहिली, मावशी. अनीसाने खोलीत नेऊन लांबून दाखवली, हात लावू दिला नाही. बाहेरच्या बाजूला तेच गोल अक्षर आहे, आता ओळी सरळ आहेत. लिहिलं आहे: फक्त हन्नाने उघडायचे. आणि खाली तारीख, रविवार, २१ डिसेंबर १९५२. लेया शुक्रवारी गेली होती. हन्नाबाई ते पान उघडतील तेव्हा मला तिथे एकट्याला उभं राहवणार नाही.