ओली फरशी

३ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

भाच्याचा फोन आला होता. तुझ्या दोन्ही गुडघ्यांत हाडाला हाड घासतंय, डॉक्टर सांधे बदलायला सांगतात आणि तू नाही म्हणून मोकळी झालीस, असं तो सांगत होता. बालवाडीत जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांमागे धावलीस, आता स्वतःच्याच पायांवर एवढा राग का? भीती वाटते म्हणालीस म्हणे. तू आणि भीती? मला तरी थापा मारू नकोस. खरं काय ते लिही. माया आहेच, उत्तरही असू दे.

तुझी धाकटी

९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

भीती नाही गं, लाज वाटते. ऑपरेशननंतर काही दिवस मला धरून बाथरूमला न्यावं लागणार. सूनच नेणार, दुसरं आहे कोण? आणि माझ्या हातून जे झालंय, त्यानंतर तिच्याकडे बघवत नाही.

गेल्या रविवारी खुर्चीतून उठताना गुडघे अडले. बाथरूमपर्यंत पोचलेच नाही, फरशी ओली झाली. तेवढ्यात सून आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की पिल्लूने केलं. नात शेजारीच ठोकळे मांडून बसली होती. तिला बोलणी बसली. आधी ती नाही नाही म्हणत होती. आता कोणी विचारलं की मान खाली घालून हो म्हणते. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला.

तुझी अक्का

१४ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

वाचून आधी राग आला, मग रडू. गुडघ्यांचं नंतर बघू. आधी सुनेला सांग. हवं तर मी येऊन शेजारी बसते, पण बोलायचं तुलाच आहे.

तुझी धाकटी

२० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. सून म्हणाली, तिला तेव्हाच कळलं होतं, माझे कपडे तिनेच तर धुतले. माझी मान खाली जाऊ नये म्हणून ती पोरीला रागावली. कुठे तोंड लपवू असं झालं मला. आता तिच्यापासून आणखी काय लपवायचं? ऑपरेशनला हो म्हटलंय. बाथरूमला तीच नेईल.

मग पिल्लूला जवळ घेऊन सांगितलं, की ते तू नव्हे, मी केलं होतं. मग तिने विचारलं, की आता तुला कोण रागावणार.

एवढं कळल्यावरही लोभ ठेव.

तुझी अक्का