कुलिपा एजेंच्या ताटातलं हाड

नारिन, सोमवार, दुपारचे दोन

आदरणीय तोकतोसुन मामा यांस,

भाचा सागिनबेक याचा वाकून सलाम. मेंढरं, घोडे, मामी आणि तुमचे गुडघे, सगळं सुखरूप असेल अशी आशा करतो (क्रम तुमचाच आहे, मामी रागावणार नाहीत). इकडे आम्ही ठणठणीत. तुमची सून बुरुल ठणठणीत, मुलं ठणठणीत, आणि मी तर इतका ठणठणीत आहे की गुरुवारपासून घशाखाली घास उतरलेला नाही. हे फोनवर का नाही सांगितलं असं तुम्ही म्हणाल. फोनवर मला जमलं नसतं. मेलिसची टॅक्सी हे पत्र घेऊन तुमच्या कोचकोरला निघायची आहे, तिला चार माणसं लागतात आणि दोन येऊन बसलीत. आणखी दोन येईपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं लिहितो, म्हणून अक्षराकडे बघू नका.

आमची डेअरी हिवाळ्यात राजधानीतल्या एका कंपनीनं घेतली हे तुम्हाला ठाऊक आहेच. घेतली ती घेतली, वर मला एक जाडजूड पुस्तिका पाठवली, व्यवस्थापकांनी माणसांना बदलासाठी कसं तयार करायचं याची. त्यात लिहिलंय की माणसं बदलाला आधी नाकारतात, मग चिडतात, मग घासाघीस करतात, मग उदास होतात आणि शेवटी स्वीकारतात. पाच पायऱ्या, प्रत्येकीला वेगळा रंग. मी ती तीनदा वाचली. (पहिल्या चार पायऱ्यांवर मी एकाच आठवड्यात जाऊन आलो, पाचवी अजून सापडायची आहे.) पुस्तिकेसोबत एक तक्ता होता, त्यात सगळे चौकोन चौकोन. चीज विभागाच्या चौकोनात नाव होतं मेरिमचं. मेरिम म्हणजे आमची इंजिनियर, सत्तावीस वर्षांची, नवीन यंत्र चालवायला शिकून आलेली, हुशार, बोलायला गोड. तिच्या खाली तुटक रेघेला लोंबणारा एक एवढासा चौकोन, आणि त्यात नाव सगळ्या डेअरीच्या थोरल्या बहिणीचं, कुलिपा एजेंचं.

कुलिपा एजे एकतीस वर्षं तो विभाग सांभाळतायत. आमच्या चीजचं विरजण त्यांच्या हातचं, बरणीसुद्धा त्यांच्याच घरच्या फ्रीजमध्ये असते. विभागातल्या बारा बायका त्या बसल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. आणि या बाईंना जाऊन मी सांगायचं, की एजे, आता तुम्ही तुटक रेघ. वरून कंपनीचं पत्र, की येत्या गुरुवारी मोठे साहेब स्वतः येणार. नवा विभाग त्या दिवशी चालू दिसला नाही, तर नारिनचं दूध दुसऱ्या डेअरीकडे वळवणार आणि आमच्या फाटकाला कुलूप. चौऱ्याऐंशी माणसं आहोत मामा, आणि या गावात दुसरं फाटक नाही.

सांगतो, सांगतो म्हणत मी तीन आठवडे काढले. रोज सकाळी छाती पुढे काढून विभागात जायचो, एजे मान वर करायच्या, आणि मी विचारायचो, मीठ पुरतंय ना. पुरतंय म्हणायच्या. मी परत यायचो. पाचव्या दिवशी त्यांनी मिठाची सगळी पोती माझ्यासमोर रांगेत मांडली आणि म्हणाल्या, "मोज बाबा एकदा. मी घरी नेत नाही." त्यानंतर आठवडाभर मी त्या बाजूला फिरकलोच नाही. (पुस्तिकेत व्यवस्थापकाच्या पायऱ्या दिलेल्या नाहीत. फक्त इतरांच्या.)

मग मला वाटलं, आधी सगळ्यांना जेवू घालावं, पोटं भरली की मनं नरम होतात, आणि चहा झाला की उठून सांगून टाकावं. गेल्या गुरुवारी मेंढरू कापलं. डेअरीच्या अंगणात जेवणाची लांबच लांब चादर अंथरली. मांस मी वाटतो म्हणालो, यजमान म्हणून. वाटपाचं तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्याच हातून पाहत मोठा झालो. कमरेचं हाड सगळ्यात थोर पुरुषाला, पुठ्ठ्याचं, शेपटाजवळचं, सगळ्यात थोर बाईला, मग मांड्या, आणि पुढच्या पायाची नळी अगदी शेवटी, सुनांना नाहीतर पोरासोरांना. डोळे मिटूनही चुकू नये असं काम. पण डोक्यात तो तक्ता घुमत होता, चहानंतर काय बोलायचं ते मनात घोकत होतो, आणि माझा हात तक्त्याप्रमाणे चालला. पुठ्ठ्याचं हाड मेरिमपुढे गेलं. नळी कुलिपा एजेंपुढे.

चौऱ्याऐंशी माणसं, आणि कुणी घास चावेना. तीन आठवडे जे मला सांगता आलं नाही, ते तेवढ्या वेळात सगळ्यांना कळलं. मेरिमनं ते हाड उचलून एजेंपुढे ठेवलं असतं तर निभावलं असतं. पण पोरगी नुसती हाडाकडे बघत राहिली. एजेंनी नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी काढून नळी तिच्यात नीट गुंडाळली. वाट्याचं मांस घरी न्यायची आपली रीतच आहे, कोण काय बोलणार. "जेवा सगळे, गार होतंय," म्हणाल्या आणि निघाल्या. त्यांच्यामागून बाराही बायका उठल्या.

शुक्रवारी बारा स्टुलं रिकामी. नऊ वाजता मेरिमनं किल्ल्या आणून माझ्या टेबलावर ठेवल्या. थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाली, "बाइके, मला नको हे. एजेंच्या डोक्यावर बसून मी बाजारात तोंड कसं दाखवू? आणि यंत्र मी चालवीन, पण त्यात विरजण कुठलं घालू, तुमचं?" कंपनीनं पाठवलेली विरजणाची पूड आम्ही घालून पाहिली. जे तयार झालं ते डेअरीच्या मांजरीनं हुंगलं आणि ती गोठ्याकडे निघून गेली. दूध मात्र येतच आहे, रोज चार टन. टाक्या काठाला आल्या आहेत, आत्ता लिहितानासुद्धा एक टँकर फाटकात हॉर्न वाजवतोय आणि मी खिडकीकडे पाठ करून बसलो आहे.

शनिवारी एजेंच्या घरी गेलो, साखर, चहा आणि बुरुलनं तळलेले कणकेचे बोरसोक घेऊन. आत बोलावलं, मानानं वर बसवलं. चहा दिला तो वाटी काठोकाठ भरून. पाहुण्यानं बसावं असं वाटलं तर आपण अर्धी वाटी देतो, त्यामुळे समजायचं ते मी समजलो. चटके सोसत हळूहळू प्यायलो. त्या वासरांबद्दल बोलत होत्या, छपराबद्दल बोलत होत्या. शेवटी मीच म्हणालो, "एजे, ते चौकोन नुसते कागदावरचे आहेत." त्या म्हणाल्या, "कागदावरचं मला कळत नाही, बाळा. ताटात काय आलं ते कळलं."

मी सांगितलं, लक्ष चुकलं, हात चुकला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मार्चमध्ये मी तुझ्या ऑफिसात आले होते. आठवतं?" मला आठवलं आणि बोरसोक तोंडातच राहिला. आल्या होत्या. कंपनीबद्दल विचारतील या भीतीनं मी अर्धा तास बर्फ कधी वितळणार यावर बोललो आणि त्यांना दारापर्यंत पोचवून आलो. "तेव्हा मी सांगायला आले होते, की माझे हात आता मिठाचं पाणी सोसत नाहीत. मेरिमला बसव, विरजण मी शिकवते. माझ्या हातानं द्यायची वस्तू होती रे ती. तू ओढून घेतलीस, आणि वर मलाच नळी चोखायला दिलीस."

मामा, मला तिथे रडू आलं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, हातात रिकामी वाटी. त्यांनी ती घेतली आणि पुन्हा भरली, या वेळी अर्धी.

तर ठरलंय असं. बुधवारी दुपारी डेअरीत पुन्हा मेंढरू. वाटप बाहेरच्या एखाद्या वडीलधाऱ्यानं करायचं, मी थाळ्याला बोटही लावायचं नाही. पुठ्ठ्याचं हाड एजेंना. ते त्या स्वतःच्या हातानं मेरिमला देतील, सोबत विरजणाची बरणी, आणि गुरुवारी साहेब येतील तेव्हा यंत्र चालू असेल. तिसरा प्रवासी आला, चौथा टपरीपाशी सिगारेट ओढतोय. मामींना सलाम, लहानांना पापे.

तुमचा भाचा,
सागिनबेक

ता. क. वडीलधारा म्हणजे तुम्ही, हे ओळखलं असेलच. मेलिस बुधवारी सकाळी परत येतोय, त्याच्यासोबत या. आणि मेंढरू तुमच्याकडचं आणा. भाच्यानं मागितलं तर मामानं नाही म्हणायचं नसतं, आणि माझ्या लग्नात मी घोडा मागितला नव्हता.

ता. क. मेलिसला दोन मिनिटं थांबवलंय. वर लिहिलंय की हात चुकला. बुरुललाही तेच सांगितलं, कंपनीलाही तेच कळवलं. मामा, हात चुकला नव्हता. थाळा उचलला तेव्हाच मला ठाऊक होतं कुठलं हाड कुणापुढे जाणार. वाटलं, हाडानं सांगितलं की माझं तोंड सुटेल. हे मी कुणालाच बोललेलो नाही. लाज वाटते.

ता. क. एजेंना ते कळलेलं आहे. निघताना दारात म्हणाल्या, "मांस कुणीही वाटेल. पण त्याआधी तू उभं राहायचंस, माझ्याकडे बघायचंस, आणि विभाग आता कुणाचा ते सगळ्यांसमोर तुझ्या तोंडानं सांगायचंस. नाहीतर बरणी मी परत नेईन." तेव्हा खरं म्हणजे वाटपाला मेलिसचे वडील चालले असते, ते दोन गल्ल्या पलीकडेच राहतात, आणि मेंढरं इथल्या बाजारातही आहेत. तुम्ही माझ्या शेजारी बसायला हवे आहात. वाक्य एकच आहे. ते म्हणून होईपर्यंत मला खाली बसू देऊ नका.