धुक्यातल्या अकरा मेंढ्या

हॅरिस बेट, मंगळवार

प्रिय चिर्स्टीअक्का,

धाकट्या फिनलेचा नमस्कार. ग्लासगोच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? माझे ठणठणीत आहेत. हे आधीच लिहितो, कारण शेजारची मर्डिना फोनवर तुला भलतंच सांगेल.

तर गावाच्या बैठकीत ठरलं, की सत्तरी ओलांडलेल्यांनी डोंगरावर एकट्याने मेंढ्या आणायला जाऊ नये. ज्याला झेपत नाही त्याने कळप टॉर्मडला द्यावा. (टॉर्मड जेमतेम चाळिशीचा, पण बैठकीत अध्यक्ष तोच.) मी उठून म्हटलं, शनिवारी माझ्या अकरा मेंढ्या मी एकटा खाली आणतो, नाही आणल्या तर खुशाल घेऊन जा. बोलून बसलो खरा. बाबांपासूनचा कळप, अक्का. तो गेला तर मी सकाळी उठायचं कशासाठी?

आपला डोंगर तुला ठाऊकच आहे, चढावं तितका मागे सरकतो. निम्म्यावर दाट धुकं लागलं. उजवा पाय दलदलीत मांडीपर्यंत गेला. पाय निघाला, बूट राहिला. (दुसऱ्या दिवशी रविवार, काम वर्ज्य, म्हणून बूट तिथेच. देवाच्या दिवशी बूट उपसणं हे काम धरायचं की नाही, यावर पाद्रीसाहेबही अडखळले.) तसाच माथ्यावर गेलो. तिथे एका मेंढीला बराच वेळ चुचकारलं, ती धोंडा निघाली. पण शेवटी मोजून अकरा हाकत ताठ मानेने मेंढवाड्यापाशी उतरलो. सगळं गाव उभं होतं.

मग मर्डिना हळूच म्हणाली, "फिनले, तुझ्या मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या रंगाची खूण ना? यांच्यावर लाल आहे. टॉर्मडच्याच मेंढ्या आणल्यास की रे."

टॉर्मडने टोपी काढली. "उपकार झाले, काका. माझी खेप वाचली."

मी म्हटलं, धुकं फार होतं. सगळे म्हणाले, हो, फार होतं.

तुझा,
फिनले

ता. क. काल टॉर्मड माझ्या अकराही मेंढ्या आणि बूट दारात सोडून गेला. कळप तुमचाच, एवढंच म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला आहे.

आणखी ता. क. शनिवारी धुकं नव्हतं. मर्डिना म्हणते, समोरच्या स्काय बेटाचे डोंगर लख्ख दिसत होते. मला गेल्या हिवाळ्यापासून घरातही धुकंच दिसतं, हे पत्रसुद्धा तिच्याकडून लिहवून घेतोय. आपल्या चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या आठवड्याला घरी ये म्हटलं, की तू दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणतेस. या वर्षीच ये, अक्का. जवळ बसलीस तर चेहरा अजून ओळखू येईल.