शेवटी पुकारायचं नाव

९ नोव्हेंबर १९८७
नागपूर गाठलं. पुण्याहून इतक्या लांब यायचं आणि कळमन्याजवळच्या संत्र्यांच्या शीतगृहात कॉम्प्युटर बसवायचा! माझ्या बुद्धीचा केवढा हा सदुपयोग. पण मालक ओमप्रकाशजी दिलदार आहेत. खोली हवेशीर, जेवण झणझणीत. कंपनीची सगळी माहिती गंजक्या कपाटातल्या कार्डांवर आहे. ती यंत्रात घालतो, ऑफिस आणि शीतगृह तारेनं जोडतो, आणि या मंडळींना विसाव्या शतकात आणून सोडतो.

१२ नोव्हेंबर
आज फुकटची करमणूक. थंड खोलीचं दार आतून उघडत नाही, म्हणून ते लावण्याआधी रामाजी मुकादम दारात उभे राहून एकेका हमालाचं नाव पुकारतात. नाव आलं की तो 'निघालो' म्हणत बाहेर येतो. सगळ्यात शेवटी नानाजी. ओ नाही, माणूस नाही. तरी रामाजी एक जण बाहेर पडेल इतका वेळ दार धरून थांबतात. चौकशी केली, तर हा नानाजी काही वर्षांपूर्वी याच खोलीत चुकून कोंडला गेला आणि गारठून मेला! मेलेल्या माणसासाठी रोज गार हवा वाया घालवतात. धन्य आहे.

१६ नोव्हेंबर
पुकारा बंद केला. आता हमाल आत-बाहेर करताना दारावरचा कारकून त्याचा नंबर दाबेल. पडद्यावर शून्य आलं की दार लावायचं. नानाजीचं कार्ड मी फाडून टाकलं. रामाजींनी हात जोडले. म्हणाले, "त्याचं नाव काहून काढता, बर्वे साहेब? पुकारल्याबिगर तो निघन कसा?" मला हसू आवरेना.

१८ नोव्हेंबर
सगळे बाहेर, आणि पडदा म्हणतो आत एक. तार बदलली. तरी एक. हा रामाजींचाच खोडसाळपणा. असल्या अडाण्यांची कीव येते.

१९ नोव्हेंबर
भर दुपारी पेट्यांच्या आड कोणीतरी उभं होतं. हमाल समजून नंबर विचारला. त्यानं माझाच प्रश्न, माझ्याच आवाजात — मूर्ख थट्टा. मी तडक बाहेर आलो. थंडीनं.

२० नोव्हेंबर
भीती वाटते. हमाल आत जायला तयार नाहीत. रामाजींना सांगितलं, पुकारा हवा तर करा, पण मेलेल्याचं नाव नको. माझाही काही मान आहे.

२१ नोव्हेंबर
आतली तार काढायला गेलो. दारातून रामाजींनी पुकारलं — बर्वे साहेब! मी तोंड उघडायच्या आत पेट्यांमागून माझ्या आवाजात 'निघालो' — माझ्याच कपड्यांतली पाठ दारातून बाहेर गेली — दार लागलं. त्या गाढवाला फरकही कळला नाही.

बॅटरीच्या उजेडात — बोटं वळत नाहीत — ओरडून घसा —

तो आता माझ्या खोलीवर — माझ्या ताटावर —

उद्या पुकारतील. पण माझं नाव तो घेऊन गेला. मी ओ कोणाच्या नावाला — नानाजीचं तर मीच काढून टा—